छाट कुणी काढायची? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ठसे-वर्गाचं प्रकरण

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी समाजमंदिराच्या फरशीवर बसून सरांनी छापांचे दोन गठ्ठे केले. उजवीकडे शाई भरून बसलेले, कडा स्वच्छ आलेले छाप. डावीकडे पुसट उमटलेले, कागद हलल्यामुळे दुहेरी रेघ आलेले, कोपऱ्यात अंगठ्याचा डाग पडलेले. १७ जणांनी प्रत्येकी १० छाप काढले होते. त्या १७० पैकी ५८ डावीकडे गेले. सरांचा हात झपाझप चालत होता. मुंबईत मुद्राचित्रण, म्हणजे ठसे कोरून छाप काढण्याची कला, शिकल्यापासून हे काम त्यांनी कितीदा तरी केलेलं. एका ब्लॉकची, म्हणजे कोरलेल्या ठशाची, आवृत्ती काढायची तर सगळे छाप एकसारखे लागतात, जे तसे नसतात ते बाजूला जातात. स्टुडिओत याचं कुणाला काही वाटत नाही.

खोलीतलं बोलणं मात्र हळूहळू थांबलं. भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या अक्का पुढे सरकल्या. डावीकडच्या गठ्ठ्यात त्यांना आपला छाप दिसला. त्यांनी विचारलं, "सर, ही छाट हाय काय?"

सरांना तो शब्द माहीत नव्हता. छाटणी म्हणजे निवड असा अर्थ लावून ते हसून म्हणाले, "हो अक्का, छाटच म्हणायची."

मला तो शब्द माहीत होता, आणि मी काही बोलले नाही. याची टोचणी मला अजून आहे.

पुढच्या वर्गाला सहा जण आले. चार मुली आणि दोन मामा. अकरा विडी कामगार बायकांपैकी एकही आली नाही.

विडी वळणारी बाई घरी बसून काम करते. कारखान्यातून तिला पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. ती पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, पत्र्याचा साचा पानावर धरून कात्रीने एकसारखे तुकडे कापते, सूप मांडीवर घेते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधते, नखाने तोंड दुमडते. तयार विड्या घेऊन कारखान्यात गेलं की तिथला माणूस मूठ-मूठ हातात घेऊन बघतो आणि पसंत न पडलेल्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत, वापरलेल्या पानांचा आणि तंबाखूचा हिशेब मात्र बाईच्याच अंगावर राहतो. का काढली, हे विचारायची सोय बहुतेक वेळा नसते. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये जो कायदा झाला, त्यात कच्चा माल देणं, विड्या नाकारणं आणि नाकारलेल्या विड्यांची मजुरी या तीन गोष्टींवरचे वाद सोडवण्यासाठी वेगळी तरतूद करावी लागली. म्हणजे हे दुखणं किती जुनं आहे बघा. ते आम्ही नकळत वर्गात आणून ठेवलं होतं, तेही दिवसभर सहन करून ज्या बायका संध्याकाळी दोन तास मोकळ्या व्हायला येत होत्या त्यांच्यापुढे.

वस्त्यांमधून चित्रांचे आणि ठशांचे उपक्रम आता बरेच होतात, आणि ते व्हावेत असं मला मनापासून वाटतं. पण त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यात शेवटच्या दिवशीचे फोटो असतात. वर्ग मध्येच ओस पडला होता का, पडला तर का, हे कळत नाही. म्हणून हे प्रकरण जसं घडलं तसं लिहून काढते आहे.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. सर सोलापूरचेच. मुंबईत शिकून परत आले, घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी छापाचं यंत्र बसवलंय. वस्तीतल्या लोकांबरोबर ठशांचं काम करायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया विड्या वळतात म्हणून त्यांनी मला विचारलं. पूर्व भाग म्हणजे मागांचा आवाज आणि गल्लीगल्लीत तेलुगू. काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं इथे सोलापूरची होऊन गेली. पुरुष मागावर, बायका विड्यांवर, असे किती संसार उभे राहिले. आमच्यातल्या दोघी कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून रिक्षा करून यायच्या. विडी कामगार बायकांसाठी उभारलेली ती १०,००० घरांची वसाहत २००६ पासून नांदती आहे. या अकरा जणी, त्यांच्यापैकी चौघींच्या मुली आणि यंत्रमागाच्या कामातून निवृत्त झालेले दोन मामा, असा आमचा वर्ग. सगळ्या बायका सरांच्या अक्का झाल्या, मी सगळ्यांची बाई.

पहिला महिना वाया गेला, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. विषय मी ठरवला होता, सोलापूरचा वारसा. सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज. शाळेत हेच विषय देण्याची सवय. बायका यायच्या, कागद मांडीवर घ्यायच्या आणि थोड्या वेळाने म्हणायच्या, "मला येत नाही बाई, पोरीला द्या." वेळही चुकली होती. सकाळी अकराचा वर्ग ठेवला, तेव्हा निम्म्या कारखान्यात विड्या द्यायला गेलेल्या असायच्या. मग संध्याकाळी सातची वेळ धरली आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं तो दिवस सोडून दिला, कारण त्या दिवशी सोलापुरातली कुठलीच बाई घराबाहेर पडत नाही. दोन तास म्हणजे हात बसलेल्या बाईच्या साधारण दोनशे विड्या. त्या बुडतात म्हणून प्रत्येक वर्गाचं मानधन द्यायचं, हे सरांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. या सगळ्या कामातला तो सर्वांत शहाणा निर्णय होता असं मला वाटतं.

कोंडी फुटली ती एका चुकीच्या चित्रामुळे. सरांनी विषय बाजूला ठेवायला सांगितले आणि मुलींना म्हणाले, आईचे हात काढा, विडी वळताना. चौघींपैकी एकीची त्या वर्षी एलिमेंटरीची परीक्षा झालेली, तिचा हात नेटका. तिने बोटं सरळ, नखं गोल, अंगठा वर उचललेला असा हात काढला. आई शेजारी वळत बसली होती. तिने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "अंगठा असा नसतो. खाली असतो, पान दाबून." मुलीने खोडलं, परत काढलं, परत चुकलं. तेव्हा त्या बाईने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, पेन्सिल घेतली आणि अंगठा काढला. मग तर्जनी. मग पानाची कड. पेन्सिल ती सुईसारखी चिमटीत धरत होती. रेघ थरथरत होती, पण अंगठ्याखाली पान खरंच दबलेलं दिसत होतं. कागद तिने मुलीकडे सरकवला आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. त्यानंतर "मला येत नाही" हे वाक्य त्या खोलीत फारसं ऐकू आलं नाही. दारात रोज मुग्गू, म्हणजे तेलुगू रांगोळी, काढणाऱ्या बायकांना रेघ येत होतीच. आपण जी रेघ काढतो तिला चित्र म्हणतात, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मीही नव्हतं.

ठशासाठी लिनो, म्हणजे लिनोलियमची मऊ पट्टी, कोरायला सगळ्यांना आवडलं. थंडीत लिनो कडक होतो, हत्यार अडतं आणि मग एकदम निसटतं. म्हणून दुपारीच पट्ट्या गच्चीवर उन्हात टाकून ठेवायच्या, त्यांची ऊब राहावी म्हणून घोंगडीत गुंडाळून खाली आणायच्या. कोरणी अंगापासून लांब चालवायची आणि दुसरा हात नेहमी तिच्या मागे ठेवायचा, एवढा एकच नियम सर रोज सांगायचे. छाप काढायला यंत्र नव्हतं. शाई लावलेल्या ब्लॉकवर कागद ठेवून स्टीलच्या वाटीच्या बुडाने घासायचं.

अडचण शाईची झाली. तेलाच्या शाईला टर्पेंटाइन लागतं, त्याचा वास खोलीत कोंडतो, आणि जवळच पानं-तंबाखू ठेवलेली. पाण्याची शाई घेतली तर सोलापूरच्या कोरड्या हवेत ती काचेवरच सुकायला लागायची. सर दर पाच मिनिटांनी पाणी शिंपडायचे, मग शाई पातळ व्हायची, कोरलेल्या खाचांत उतरायची. तिसऱ्या दिवशी एका अक्कांनी काही न विचारता ओलं गोणपाट आणलं, पिळलं आणि शाईच्या काचेवर तंबूसारखं आडवं धरलं. पानं सुकू नयेत म्हणून करतात तसंच. शाई तासभर टिकली. मग त्यांनी कागदाचाही ताबा घेतला. छापाचा कागद किंचित दमट असला की शाई चांगली धरतो. सर स्पंजने ओलवायचे, तो कुठे जास्त भिजायचा, कुठे कोरडा राहायचा. अक्का दोन ओल्या फडक्यांमध्ये कागदांची चवड ठेवायच्या आणि मधून मधून गालाला लावून बघायच्या. "आता काढा," म्हणायच्या, आणि तो कागद बरोबर असायचा. सरांनी त्यानंतर कागदात लक्ष घातलं नाही.

ठशातली सर्वांत अवघड गोष्ट समजावली ती मामांनी. आपण जे कोरून काढतो ते छापात पांढरं राहतं, आणि जे शिल्लक ठेवतो ते काळं उमटतं. नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो. सरांनी फळ्यावर दोनदा काढून दाखवलं, तरी माना हलत नव्हत्या. दोन मामांपैकी एकांचं आयुष्य जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे, पत्ते पाडण्यात गेलेलं. आधी ग्राफवर चौकोन भरून नक्षी काढायची, मग तिच्याप्रमाणे जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. एक पत्ता म्हणजे धोट्याची एक फेरी, भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो. ते उठले, कोपऱ्यात घडी करून ठेवलेली चादर त्यांनी उलगडली आणि एक टोक उलटं केलं. सुलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर, उलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर. "हे जसं हाय, तसंच ते," एवढंच म्हणाले. सोलापुरी चादर पांघरून वाढलेल्या माणसांना याहून जास्त सांगावं लागलं नाही. भौगोलिक मानांकन मिळालेली ही चादर शिकवायला किती उपयोगी आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता शाळेतही मी तीच दाखवते.

त्याच आठवड्यात सरांनी नंदलाल बोस यांचं लिनोकट दाखवलं. काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघांत, हातात काठी घेऊन चाललेले गांधीजी. साल १९३०. दुसरे मामा लगेच म्हणाले, "म्हणजे मार्शल लॉचं साल." त्यावर्षी मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, लष्करी कायदा लागला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मामांनी चार हुतात्मा चौक कोरायला घेतला. वारशाचा विषय मी देत होते तेव्हा कुणाला नको होता, आता तो न सांगता आला.

अक्षरांची मजा वेगळी होती. ब्लॉकवर सुलट लिहिलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून ट्रेसिंग कागदावर लिहून तो पालथा घालायचा आणि मागून गिरवायचा. मुलींना याचा छंदच लागला, वहीभर उलटी नावं. तेलुगूची गोल वळणं कोरताना कोरणीऐवजी लिनो फिरवायचा, हे एकीने स्वतःच शोधलं. मराठीची शिरोरेषा सरळ येईना म्हणून दुसरीने ती कोरलीच नाही, अक्षरं नुसती लोंबती ठेवली. मला ती फार आवडली.

हे सगळं इतकं चांगलं चाललेलं असताना ती संध्याकाळ आली.

सहाच जण आलेल्या वर्गानंतर मी सरांना छाटीचा अर्थ सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं मोठ्या अक्कांच्या घरी गेलो. त्या उंबऱ्याजवळ उजेडात वळत बसल्या होत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या, हात थांबवला नाही. सरांनी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी ती मध्येच तोडली. सुपातून दोन विड्या उचलल्या, सरांच्या तळहातावर ठेवल्या आणि विचारलं, "यातली छाट कुठली, सांगा."

सरांनी उजेडाला धरून पाहिल्या. मीही पाहिल्या. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.

"ही," अक्का म्हणाल्या. "ढिली हाय. दाबून बघा." मग थांबून म्हणाल्या, "मला माहीत हाय कुठली ते. त्यानं नाही काढली तरी मला माहीत असतं. तुमच्या कागदात काय वाईट, ते मला माहीत नाही. आधी सांगायचं की हो सर."

या वाक्यावर आम्ही परतीच्या वाटेवर खूप बोललो. मला वाटलं होतं की निवड करणंच चुकलं, वस्तीतल्या कामात चांगलं-वाईट करायचंच नसतं, सगळ्यांचं सगळं छान म्हणायचं. असे वर्ग मी पाहिले आहेत. पण अक्कांची तक्रार ती नव्हतीच. दिवसाला शेकडो विड्या एकसारख्या वळणाऱ्या बाईला एकसारखेपणाची किंमत कुणी समजावायला नको. कसोटी आपल्याला न सांगता दुसऱ्याने लावली, आणि आपल्याच हातच्या कामाला आपल्यासमोर बाजूला टाकलं, हे तिला लागलं होतं. "छान छान" म्हणून सोडून दिलं असतं तर तेही तिला कळलंच असतं, कारण वाईट विडी तिला न दाबताही ओळखता येते.

पुढच्या वर्गाच्या आधी मोठ्या अक्कांनीच घरोघर निरोप दिला. नऊ जणी आल्या, त्याच्या पुढच्या वर्गाला अकराच्या अकरा. सरांनी १७० छाप जसेच्या तसे परत वाटले. मग स्वतःचा एक छाप मध्ये ठेवून त्यात काय बघायचं ते सांगितलं. शाई सगळीकडे सारखी बसली आहे का. रेघ दुहेरी झाली आहे का. कड कापली गेली आहे का. कागदाला डाग आहे का. त्यांच्या त्या छापातही एका कडेला शाई कमी होती, ती त्यांनी स्वतः दाखवली. आणि म्हणाले, "आता आपापले बघा. ठेवायचे ते ठेवा, नको ते इकडे द्या. मी बोलणार नाही."

तासभर खोलीत फक्त कागदांचा आवाज होता. बायका छाप खिडकीशी नेऊन बघत होत्या, तिरके धरून बघत होत्या, शेजारणीला विचारत होत्या. एकीने एक डागाळलेला छाप ठेवून घेतला, कारण तो डाग तिच्या नातवाच्या बोटाचा होता. शेवटी बाजूला आलेले मोजले तर ७१ निघाले. सरांनी ५८ काढले होते.

उरलेल्या ९९ छापांखाली पेन्सिलने आकडा आणि सही घालायची होती. डावीकडे कितवा छाप आणि एकूण किती, उजवीकडे नाव. आकड्यांची रीत सांगायला अर्धं मिनिट पुरलं. सहीपाशी मात्र पुन्हा अडलं. दोघींना सही येत नव्हती. सर म्हणाले, अंगठा उमटवा, अंगठा म्हणजे सुद्धा ठसाच, किती सुंदर दिसेल. कलेच्या दृष्टीने ते खरं होतं. त्या दोघींपैकी एक नुसती मान खाली घालून बसली. दुसरी म्हणाली, "अंगठा नको सर. आयुष्यभर तेच केलं." या वेळी मी गप्प बसले नाही. सरांना म्हटलं, छाप आठवडाभर तसेच ठेवू. त्या आठवड्यात मुलींनी दोघींना नाव गिरवायला शिकवलं, एकीला मराठीत, एकीला तेलुगूत. त्यांच्या छापांखालची नावं इतरांपेक्षा मोठी आणि खोल आहेत, कागदाच्या मागून बोट फिरवलं तर लागतात.

आणि ते ७१? सरांनी ते घरी न्यायला पिशवीत भरले होते. मोठ्या अक्का म्हणाल्या, "छाट आमची हाय, तुम्ही कुठं नेता?" कारखान्यातली छाट कधी परत मिळत नाही, ही मिळाली पाहिजे, हे त्यांच्या आवाजात होतं. मग त्याचं काय करायचं यावर दोन संध्याकाळी चर्चा झाली. कुणी म्हणालं दिवाळीचे कंदील, कुणी म्हणालं वह्यांना कव्हरं. शेवटी पान कापायचा पत्रा एकीने छापावर सहज ठेवून पाहिला, कडेने कात्री फिरवली, आणि मामा म्हणाले, "हे तर ग्राफचे चौकोन."

कागदाची चादर करायचं ठरलं. एकेरी चादरीच्या मापाची, पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब. पत्रा दीड बाय अडीच इंचाचा. मामांनी हिशेब केला, आडव्या ओळीत ४०, उभ्या ३६, म्हणजे १,४४० तुकडे. आठ बाय दहा इंचाच्या एका छापातून वीस तुकडे निघतात. तीन सुपं मांडली. काळे तुकडे एकात, करडे दुसऱ्यात, पांढरे तिसऱ्यात. मामांनी ग्राफवर मोर काढला, चौकोनांत तीन खुणा घातल्या. एकजण ओळ वाचायचे, "तीन काळे, एक करडा, दोन पांढरे," आणि बायका सुपातून उचलून मांजरपाटावर गव्हाच्या खळीने चिकटवायच्या. कापण्याचा वेग बघून सर थक्क झाले. मुलींनी एक छाप कापेपर्यंत अक्कांचे चार व्हायचे, आणि कडा ब्लेडने कापल्यासारख्या.

शेवटची ओळ अर्धी राहिली. ७१ छापांचे १,४२० तुकडे झाले होते, वीस कमी पडले. ठेवलेल्या ९९ पैकी एखादा द्यायला कुणी तयार होईना. सरांनी आपल्या फाइलमधून मिलच्या चिमणीचा एक छाप काढला. पाच वर्षांपूर्वीच्या आवृत्तीतला, सही केलेला, चांगला उमटलेला. मोठ्या अक्कांनी तो हातात घेऊन नीट पाहिला, सरांनीच सांगितलेल्या खुणा त्यात तपासल्या आणि म्हणाल्या, "ही छाट नाही हो सर." "असू दे," ते म्हणाले. अक्कांनी पत्रा ठेवला आणि कापायला घेतला.

प्रदर्शनाचा भाग मी थोडक्यात सांगते. शहरातल्या एका सभागृहात लावायची बोलणी झाली होती. त्यांना वीस उत्तम छाप हवे होते, खाली सरांचं नाव आणि "विडी कामगार महिलांच्या सहभागाने" अशी ओळ. निवड त्यांची समिती करणार होती. सरांनी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं. बायकांनी विचारलं, समिती कशावरून ठरवणार? याचं उत्तर मिळालं नाही. मग भोगीच्या दिवशी गल्लीतच कपड्यांच्या दोऱ्यांवर चिमटे लावून सगळे ९९ छाप टांगले, प्रत्येकाखाली ज्याचं त्याचं नाव, आणि चादर समाजमंदिराच्या दारावर. सभागृहात लावलं असतं तर सरांच्या पुढच्या कामाला पैसे मिळणं सोपं झालं असतं, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत होतं. तरी मला वाटतं त्यांनी केलं ते बरोबर केलं. गड्ड्याच्या यात्रेची लगबग असूनही संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोक आपल्या ओळखीच्या बाईचं नाव शोधत दोरीखालून वाकत जात होते.

असा वर्ग पुन्हा घ्यायचा तर काय बदलेन, हे मी माझ्यासाठी वहीत लिहून ठेवलंय. चांगला छाप कशाला म्हणायचं ते पहिल्या छापाच्या आधी सांगायचं, दहाव्यानंतर नाही. बाजूला काढायचं ते ज्याचं त्याने. बाजूला काढलेलं त्याचंच. आणि वर्ग सुरू होण्याआधी निदान दोन दुपारी त्यांच्या उंबऱ्यावर बसून त्यांच्या कामाचे शब्द ऐकायचे, कारण आमच्या कामाचा एखादा निरुपद्रवी शब्द किंवा हालचाल त्यांच्याकडे वेगळ्याच अर्थाने वापरात असू शकते. मला तर तो शब्द माहीत होता. माहीत असलेल्या माणसाने वेळेवर तोंड उघडायचं, हे सर्वांत वर लिहिलंय.

भोगीच्या आदल्या रात्री चादर पूर्ण झाली तेव्हा दहा वाजून गेले होते. मुली चिमटे मोजत होत्या, मामा चादरीच्या कडा दाबत फिरत होते. मोठ्या अक्का बाहेरच्या नळापाशी बसून पान कापायचा पत्रा धूत होत्या. त्याला खळ लागली होती, कडेला शाईचा काळा ओघळ. साबणाने घासला, मग राखेने घासला, नाकापाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा राख घेतली. मी म्हटलं, अक्का, राहू द्या आता, उद्या धुवा. त्या म्हणाल्या, "सकाळी पानं कापायची हायत बाई. वास लागला तर सगळी मूठ जाईल." आणि पत्रा दिव्याखाली उलटासुलटा धरून पाहायला लागल्या.